देठाखालचा डोळा

आइंडहोवन, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय नंदाआत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून अपूर्वावहिनी म्हणाली, ई-मेल लिही, मी मोठ्या अक्षरात छापून आईंना देते. बरं झालं. कारण आज कुणालातरी लिहिल्याशिवाय मला झोप लागली नसती. आत्या, माझ्या घरात सीताफळाचं झाड आहे.

खरंखुरं, कुंडीतलं. कुंडी म्हणजे आपलं अंघोळीचं घंगाळ असतं तेवढी, आणि झाड माझ्यापेक्षा दीड हात उंच. शेजारच्या घरात टीव्ही आणि हीटर यांच्यामध्ये ते नऊ वर्षं उभं होतं. भारतातून आणलेल्या बीचं आहे एवढंच त्यांना ठाऊक, फळाचं नाव माहीत नाही. नऊ वर्षांत एक फूलही आलेलं नाही. मी सहज एक पान चुरगळून वास घेतला आणि मला एकदम तुझ्या विहिरीमागची बाग आठवली. दोनदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं. सीताफळच.

आता त्यांच्याकडे खाली पलंग टाकायचा होता, झाडाला जागा उरली नाही. म्हणून शनिवारी समोरचे गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि मी, असं तिघांनी ते आडवं करून हातगाडीवरून माझ्याकडे आणलं. माझ्या स्वयंपाकघरामागे काचेची खोली आहे, उतरत्या छपराची. तिथे ते आता मान वाकवून उभं आहे, शेंडा काचेला टेकतोय. त्या खोलीत हीटर नाही. इथे आताच रात्री पाच-सहा अंश असतं, जानेवारीत शून्याखाली जातं.

तू पंचेचाळीस वर्षं सीताफळात काढलीस. मी चिप बनवणाऱ्या मशीनच्या चाचण्या करते, मला झाडातलं काही कळत नाही. पाणी किती घालू? खत? मोठा हीटर आणू का? पानं पिवळी पडायला लागलीयत. मला हे झाड जगवायचं आहे, आणि जमलं तर त्याला फळ आलेलं बघायचं आहे.

तुझी
चारुता

---

दिवे, ता. पुरंदर
२५ ऑक्टोबर

चारू,

तुझं पत्र अपूर्वाने दिलं, ते मी अजितला वाचून दाखवलं, आणि मग धाकट्या जाऊबाईला, विशाखाला. विशाखा म्हणते, हॉलंडात सीताफळ म्हणजे नवलच. मी म्हटलं, नवल कसलं, बी पडलं की रुजतं. पण मलाही दिवसभर काही सुचलं नाही.

आता नीट ऐक. झाडाला फूल का आलं नाही ते तुझ्या पत्रातच आहे. हीटरशेजारी नऊ वर्षं ते झोपलंच नाही. सीताफळाला विश्रांती लागते. आम्ही उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. पानं गळतात, बाग वाळल्यासारखी दिसते, नवीन माणसाला वाटतं गेली. मग छाटणी करून पाणी सोडलं की फुटते. आमच्याकडे ऊन जे काम करतं ते तुझ्याकडे थंडी करेल.

पानं पिवळी पडतायत, पडू दे. पाणी कमी करत आण. सगळी पानं गळली की महिन्यातून एकदा दोन वाट्या पुरे, मुळं अगदी कोरडी पडू नयेत एवढ्यापुरतं. जास्त पाण्याने थंडीत मुळी कुजते. खत अजिबात नको. खोली उबदार करू नकोस, पण गोठूही देऊ नकोस.

आणि एक गोष्ट. सीताफळाचा डोळा, म्हणजे नवीन फूट जिथून येते तो कोंब, पानाच्या देठाखाली झाकलेला असतो. वरून दिसत नाही. पान गळल्याशिवाय तो डोळा उघडत नाही. म्हणून पान गळलं की वाईट वाटून घेऊ नकोस.

शेजाऱ्यांनी झाड तुला दिलं हे चांगलं केलं. जाणत्या हातात गेलं. जाणती मी, हात तुझे.

नंदाआत्या

---

आइंडहोवन, ८ डिसेंबर

आत्या,

सगळी पानं गेली. शेवटचं काल गेलं. मी खोलीत तापमान मोजायचं यंत्र लावलंय, ते दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर आकडा पाठवतं. ऑफिसात मीटिंगमध्ये बसून मी तेच बघत असते. परवा पहाटे चार अंशांवर गेलं तेव्हा मी अंथरुणातून उठून छोटा हीटर लावला. आता नऊ ते बाराच्या मध्ये ठेवते.

पण झाड मेल्यासारखं दिसतंय. काठ्या, नुसत्या काठ्या. आणि फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय. वरचा शेंडा काचेला लागून काळा पडला. काय करू, लवकर सांग.

चारुता

---

दिवे, १२ डिसेंबर

चारू,

घाबरू नकोस. नखाने एका काडीची साल जराशी खरवड. आत हिरवं दिसलं तर झाड तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पांढरं आहे ते पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढ. कंटाळवाणं काम आहे, पण घाईचं नाही.

शेंडा काळा पडला तो काचेच्या गारठ्याने. झाड त्या खोलीला उंच झालंय, ते कमी करावंच लागेल. आता नाही. फेब्रुवारी संपत आला, दिवस मोठा व्हायला लागला, की झाड जागं व्हायच्या आधी छाटणी. सोबत मी चित्र काढलंय, अपूर्वा त्याचा फोटो पाठवेल. लाल रेघ आहे तिथे कापायचं. आधी वाळकं काढ. मग आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढ. मग उरलेल्या अर्ध्यावर आण. कात्री धारदार पाहिजे आणि स्पिरिटने पुसलेली. काप तिरका दे, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या बोटभर वर. जाड कापांना आम्ही बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतो, तुझ्याकडे नसेल तर जखम कोरडी राहू दे.

पहिली फांदी कापवणार नाही. मलाही कापवली नव्हती. पण सीताफळ नव्या फुटीवर फुलतं. जुनं लाकूड जपून ठेवणाऱ्याला सावली मिळते, फळ नाही.

आत्या

---

आइंडहोवन, २३ फेब्रुवारी २०२५

आत्या, कापलं.

सकाळी दहाला सुरुवात केली, एकच्या सुमाराला संपलं. त्रेचाळीस काप. तुझं चित्र मी दाराला चिकटवलं होतं. पहिल्या फांदीपाशी पाच मिनिटं नुसती उभी राहिले, कात्री मिटायचीच विसरले. कापली आणि आत बघितलं तर हिरवं, ओलं, पोपटी हिरवं. मग मला भीतीच उरली नाही. पुढे तर मला इतका आनंद व्हायला लागला की मी मोठ्याने गाणं म्हणत होते. बाहेरचा डोळा, आतला डोळा, हे मला आता न शोधता दिसतं. जिथे पान होतं तिथे घोड्याच्या नालासारखा वण आहे आणि त्याच्या मधोमध बारीक केसाळ टिंब. आधी दोन-अडीच महिने मी हे बघतच होते, पण दिसत नव्हतं.

झाड आता माझ्या खांद्याएवढं आहे. मोकळं, वाटीसारखं. कापलेल्या फांद्या बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत टाकल्या, शुक्रवारी नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन जाईल. बागेकडच्या काचेला आतून एक चादर लावली आहे, म्हणजे झाडाला एकदम फार उजेड नको. आता पाणी कधी सोडू?

चारुता

---

दिवे, २६ फेब्रुवारी

चारू,

छाटणीचा फोटो बघितला. दोन काप लांब ठेवलेस, बाकी माझ्यापेक्षा बरे आहेत. पाणी दहा-बारा दिवसांनी.

पण चादर कशाला? छाटलेल्या झाडाला असेल नसेल तेवढा उजेड पाहिजे. हे मी न सांगताही तुला कळतं. आणि मागच्या दोन्ही पत्रांत शेजाऱ्यांचा उल्लेख नाही. एवढं वाढवलेलं झाड देऊन टाकणारं माणूस एकदा तरी बघायला येतं.

झाड कुणाचं आहे, चारू?

आत्या

---

आइंडहोवन, १ मार्च

आत्या,

झाड कोरीचं आहे. कोरी शेजारी राहतात, एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, शाळेत चित्रकला शिकवायच्या. सप्टेंबरमध्ये जिन्यावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांचा पलंग खाली आणला. झाड त्यांनी मला दिलेलं नाही. वसंत येईपर्यंत सांभाळायला दिलंय. त्यांचे यजमान पीट कामासाठी पुण्याला गेले होते, तिथे कुणीतरी त्यांना हे फळ खायला घातलं. त्यांना ते इतकं आवडलं की बिया रुमालात बांधून आणल्या. वर्षभरात ते वारले. मग कोरींनी बिया लावल्या, त्यातली एक आली.

झाड नेताना त्यांनी मला एकच सांगितलं होतं, "पाणी घाल, बोल त्याच्याशी, पण कात्री लावायची नाही." एकदा रोपवाटिकेतला माणूस छाटायला आला होता, त्याला त्यांनी दारातून परत पाठवलं.

तुझं पत्र आलं आणि मला छाटायचंच होतं. मला फळ बघायचं होतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. त्यांच्या पलंगावरून, कुंपणाच्या वरून, माझ्या खोलीतला शेंडा दिसायचा. म्हणून चादर. दर रविवारी मी सूप घेऊन जाते, त्या विचारतात, कसं आहे, मी म्हणते, झोपलंय.

आता काय करू?

चारुता

---

दिवे, ५ मार्च

चारू,

काय करू हे तुला माहीत आहे. तरी तू विचारलंस म्हणून मी तुला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

माझ्या लग्नाला दुसरं वर्ष. घराच्या दारात सासूबाईंचं एक सीताफळ होतं, त्यांच्या हातचं. त्या पंधरा दिवस माहेरी गेल्या. मला नुकती छाटणी शिकवली होती, हात शिवशिवत होते. मी ऐन पावसात ते झाड छाटलं. पावसात छाटायचं नसतं. त्या आल्या तेव्हा सांगितलं, वाऱ्याने फांद्या मोडल्या, मी आवरून घेतलं. दिवाळीपर्यंत झाड वाळलं. विशाखा तेव्हा नवी सून, त्या झाडाखाली कपडे धुवायची. सासूबाई म्हणाल्या, हिच्या साबणाच्या पाण्याने माझं झाड मेलं. विशाखाने ते ऐकून घेतलं. सासूबाई जाईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, पाव्हण्यारावळ्यांसमोर ऐकून घेतलं. मी शेजारीच बसलेली असायचे.

सीताफळातलं सगळं पुरंदर मला विचारायला येतं. माझं नाव आहे. आणि विशाखा अजून साबणाचं पाणी उचलून लांब गटारात नेऊन ओतते.

मी तुला छाटायला सांगितलं ते झाड तुझं समजून. आता तू कोरीबाईंना जाऊन सांग. मी इथे विशाखाला सांगते. जिचं आधी होईल तिने कळवायचं.

आत्या

---

आइंडहोवन, ९ मार्च

आत्या,

चादर काढली आणि मगच गेले.

मी म्हटलं, "कोरी, मी झाड कापलं. तुम्ही नको म्हणाला होता." त्या खिडकीकडे बघत होत्या. शेंडा नव्हता.

"किती?"

"अर्धं."

मग म्हणाल्या, "फांद्या आण."

फांद्या हिरव्या पेटीतून कधीच गेल्या होत्या. मी तेही सांगितलं. मग त्यांनी मला टीव्हीमागची भिंत दाखवली. पेन्सिलीच्या नऊ खुणा, खालपासून वर, प्रत्येकीपुढे एकच तारीख, चौदा मे. पीटचा वाढदिवस. दर वर्षी त्या स्टुलावर चढून झाडाची उंची मोजायच्या.

"आता मोजायला काही राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "सूप घेऊन जा."

मी भांडं घेऊन परत आले. बाकी लिहिण्यासारखं नाही. झाडाला आज पहिलं पाणी दिलं.

चारुता

---

दिवे, १७ मार्च

चारू,

तू आधी केलंस. मला चार दिवस जास्त लागले.

विशाखा शेवया करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही कुठलं झाड. कळलं तेव्हा हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, "नंदाताई, त्या दिवाळीला मी दोन दिवस जेवले नव्हते. फराळाला हात लावला नाही." मी म्हटलं, ठाऊक आहे. ती म्हणाली, "ठाऊक होतं आणि तुम्ही चकल्या खाल्ल्या." मी हो म्हटलं.

तीन दिवस बोलली नाही. काल सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आली, पाट ओढला आणि म्हणाली, "माझा राहिलेला फराळ करून द्या. सगळा. करंज्यांसकट." फाल्गुनात आमच्या घरी दिवाळीचा फराळ चाललाय. अजितला वाटतंय म्हाताऱ्या बायकांना वेड लागलं. ती पाटावर बसून मला करंज्यांची कड नीट नाही म्हणून सांगते आणि मी परत करते.

तुझ्या कोरीबाई फराळ मागणार नाहीत. पण तू जात राहा. दार उघडलं नाही तर दाराशी जा.

आत्या

---

आइंडहोवन, २७ एप्रिल

आत्या, आत्या,

दर रविवारी झाडाचा एक फोटो छापून मी कोरींच्या पत्रपेटीत टाकत होते, काही न लिहिता. सहा रविवार. पहिले तीन फोटो काठ्यांचे. चौथ्यात नालासारख्या वणांमधली टिंबं फुगलेली. पाचव्यात एका टिंबातून सोनेरी लव बाहेर. सहाव्यात सगळीकडे. मी सकाळी दात घासत खोलीत जायचे आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून मोजत बसायचे. तीनदा बस चुकली.

आज बेल वाजली. दारात कोरी, चाकांचा आधार ढकलत आलेल्या, गळ्यात भिंग. एवढं अंतर त्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा चालल्या. सरळ खोलीत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि भिंगातून एकेक फूट बघायला लागल्या. मी चहा केला, तो गार झाला. शेवटी म्हणाल्या, "एकसष्ट."

मी म्हटलं, "चौसष्ट. मागच्या बाजूला तीन आहेत."

त्या उठून मागच्या बाजूला गेल्या. मोजल्या. पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि चौसष्ट लिहिलं. मग मला विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. तुझं चित्र अजून दाराला आहे, ते त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "या बाईंचा हात चांगला आहे," म्हणाल्या. चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, लक्षात घे.

जाताना म्हणाल्या, रविवारी सूप आणत जा, मीठ कमी घाल.

चारुता

---

आइंडहोवन, १५ जून

आत्या,

फुलं आली आहेत. हिरवट, जाड पाकळ्यांची, खाली मान घातलेली. पहिलं फूल कोरींनी पाहिलं, कारण आता खोलीची किल्ली त्यांच्याकडेही असते. त्यांनी मला ऑफिसात फोन केला, डच माणूस कामाच्या वेळेत असा फोन करत नाही. मी मीटिंग सोडून बाहेर आले. "आलं," एवढंच म्हणाल्या.

पण आलेली सगळी गळायला लागली. पंधरा, वीस. तू म्हणालीस तुमच्याकडे बारीक भुंगेरे फुलात शिरून परागकण इकडून तिकडे नेतात. ते इथे कुठून येणार? कोरी वाचनालयातून पुस्तकं मागवून वाचत बसल्या. फूल आधी मादी असतं, पाकळ्या जरा विलगलेल्या, आत चिकट ओल. दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होतं, पूर्ण उघडतं आणि पूड सोडतं. म्हणून त्याचं स्वतःचं स्वतःला चालत नाही. कालच्या फुलाची पूड आजच्या फुलात घालायची.

कोरींनी आपले जलरंगाचे ब्रश काढले. सगळ्यात बारीक, तीन केसांचा. सकाळी सहाला त्यांच्या आधाराची चाकं माझ्या फरशीवर खडखडतात, मी जागी होते. त्या उघड्या फुलांची पूड काचेच्या बशीत झटकतात, मी आज विलगलेली फुलं शोधून पाकळी धरते, त्या आत ब्रश फिरवतात. एरवी चहाचा कप धरताना त्यांचा हात हलतो. ब्रश धरला की हलत नाही.

आठ दिवस झाले. आज पाच फुलांच्या पाकळ्या गळल्या पण देठ राहिला. देठावर वाटाण्याएवढी हिरवी गाठ आहे. आत्या, खवले दिसतायत.

चारुता

---

दिवे, ६ जुलै

चारू,

पंचेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही की फूल आधी बाई असतं आणि मग बाप्या. मी विशाखाला सांगितलं तर ती इतकी हसली की ठसका लागला.

आम्हीही केलं. अपूर्वाच्या मुलीच्या रंगपेटीतला ब्रश घेतला. विशाखा फुलं शोधते, तिची नजर अजून शाबूत आहे, आणि मी पूड लावते. खुणेला फांदीला लाल दोरा. पंचवीस फुलं केली. अजित बांधावरून म्हणाला, "आई, हजार झाडं आहेत, सगळ्यांना रंग देणार का?" मी लक्ष दिलं नाही. काल जाऊन मोजलं, पंचवीसातली अठरा धरली आहेत. शेजारच्या साध्या फांद्यांवर पंचवीसाला तीन. आणि आपली गोल आहेत, एका बाजूला बसकी नाहीत. अजित आता दोऱ्याच्या फांद्या पाव्हण्यांना दाखवतो, जसं काही त्यानेच केलं.

कोरीबाईंना सांग, हे त्यांच्यामुळे. पाचातली सगळी राहणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. पाणी नियमित घाल, एक दिवसही चुकवू नकोस, नाहीतर फळ तडकेल.

आत्या

---

आइंडहोवन, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तीन गळली, दोन राहिली, हे तुला माहीत आहेच. सप्टेंबरभर कोरींनी त्यांची रोज चित्रं काढली. मध्येच एकदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, छातीत दुखत होतं. तिथून त्यांनी मला विचारलं ते एवढंच, खवल्यांमधल्या फटी पिवळ्या पडल्या का. चार दिवसांनी घरी आल्या.

तीन दिवसांपूर्वी पहिलं फळ बोटाखाली दबलं. मी कात्री आणली, देठ कोरींनी कापला. ते त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन दिवस ठेवलं. काल दुपारी आम्ही दोघी बसलो. सुरी लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं, हाताने उघडायचं. त्यांनी दोन्ही अंगठे लावले आणि फळ उकललं. वास सगळ्या खोलीभर झाला.

त्यांना चमचा कसा घालायचा कळेना. मी एक पाकळी काढून दिली. त्यांनी तोंडात टाकली, बी कुठे ठेवायची म्हणून माझ्याकडे बघितलं, मी बशी पुढे केली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग थांबल्या, हात तसाच चिकट धरून.

"पीट सांगायचा," त्या म्हणाल्या, "की थंड कस्टर्डसारखं असतं, आणि जिभेला वाळू लागते. मला वाटायचं, पुरुषांना चवीचं काही सांगता येत नाही. बरोबर सांगत होता तो." आणि त्या रडल्या, जराशा, आणि खात राहिल्या. अर्धं फळ त्यांनी एकटीने संपवलं. उरलेलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

मी खाल्लं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आता खरं सांग," म्हणाल्या. "तुझ्या आत्याच्या बागेतल्यासारखं आहे?"

त्यांना उन्हाळाभर सकाळी सहाला चाकं ढकलत येताना पाहिलंय मी. पण मार्चमध्ये जे झालं त्यानंतर त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, "नाही. त्याच्या जवळपासही नाही. गोडी कमी आहे. गर पातळ आहे. ऊन मिळालं नाही."

कोरी मान मागे टाकून हसल्या. त्यांना असं हसताना मी आजवर पाहिलं नव्हतं. डोळे पुसले, हात पुसले, वही ओढली.

"मग लिहून विचार तिला," त्या म्हणाल्या, "गोडी कशाने वाढते. पानं गळायला आता तीनच आठवडे आहेत, आपल्याला वेळ कमी आहे."

म्हणून विचारते आहे, आत्या. गोडी कशाने वाढते?

चारुता